वसंताची रोजकीर्द

वसंत आला हे कोणी ठरवावयाचे? आपल्याकडे ते पंचांग ठरविते, आणि पंचांगाचे न ऐकता कवी ठरवितो. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरात मात्र हे काम एका सरकारी चिटणिसाकडे आहे, आणि तोही ते एका झाडाला विचारून करतो.

जिनीव्हाच्या जुन्या गावठाणात, नगरभवनाच्या खालच्या अंगास, ‘त्रेय’ नावाची फिरावयास जाण्याची एक जागा आहे. लांबच लांब लाकडी बाक आणि चेस्टनट झाडांच्या रांगा. या चेस्टनटचे पान आपल्या सावरीसारखे पंजाच्या आकाराचे असते. हिवाळाभर ते चिकट, तपकिरी कळीत मिटून राहते. त्या रांगांतील एक झाड ‘अधिकृत’ आहे. त्याची पहिली पानकळी उमलली की तेथील विधिमंडळाचा चिटणीस, ज्याला ‘सोतिए’ म्हणतात, तो तारीख वहीत नोंदवितो आणि शहरात वसंत आल्याचे जाहीर करतो. ही सरकारी नोंद १८१८ पासून चालू आहे.

१८१८ हे साल पुणेकरांना निराळे सांगावयास नको. शनिवारवाड्यावरचे निशाण आदल्या वर्षी, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी उतरले होते आणि १८१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांच्या स्वाधीन होऊन पेशवाईचा शेवट केला. एका शहराचे राज्य बुडत होते त्याच वर्षी दुसऱ्या शहराचा चिटणीस पाने उमलल्याची तारीख लिहू लागला. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध काहीच नाही. पण जिनीव्हालाही ते दिवस स्वस्थतेचे नव्हते. १७९८ मध्ये फ्रान्सने ते गणराज्य गिळले. १८१३ च्या अखेरीस ते सुटले. १८१५ मध्ये ते स्विस संघराज्यात सामील झाले. या गडबडीतच, १८०८ पासून, मार्क-लुई रिगो-मार्तँ नावाचा एक नागरिक आपल्या हौसेने झाडांच्या पालवीच्या तारखा टिपीत होता. वर राज्यकर्ते बदलले, पण वही बदलली नाही. पुढे सरकारने त्याच कामाला आपल्या दप्तरात जागा दिली. हौस एका माणसाबरोबर संपते. दप्तर मात्र हातातून हातात जाते. या गोष्टीतील इतिहासाचा पहिला धडा हाच होय.

या नोंदींतील सर्वांत उशिराची तारीख आहे २३ एप्रिल १८१६. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर, तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्याने उडविलेला गंधकयुक्त धुरळा पृथ्वीभोवती पसरला, ऊन मंदावले, आणि १८१६ साल युरोपात ‘उन्हाळ्याविना वर्ष’ म्हणून कुप्रसिद्ध झाले. पिके कुजली, धान्य महागले, स्वित्झर्लंडमध्ये लोकांची अन्नान्नदशा झाली. त्रेयखालून जाणाऱ्या कोणाही माणसाला तांबोरा हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कळी का उमलत नाही हे नोंद करणाऱ्याला सांगता आले नसते. त्याने फक्त केव्हा उमलली एवढे लिहिले. कारण पुढच्या पिढ्यांना सापडले. ज्याचा अर्थ आज लागत नाही तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवावे, हा दुसरा धडा.

दुसऱ्या टोकाला २९ डिसेंबर २००२ ही तारीख आहे. नव्या वर्षाचा वसंत जुन्या वर्षातच येऊन उभा राहिला! साधारणपणे विसावे शतक उजाडल्यापासून तारखा लवकर येऊ लागल्या. तेव्हा हवा तापल्याचा हा पुरावा म्हणून हात झटकून मोकळे व्हावे काय? इतिहासाच्या अभ्यासकाला तशी मुभा नाही. पहिले म्हणजे, झाड एकच नव्हे. पहिले १९०५ पर्यंत टिकले, दुसरे १९२८ पर्यंत, तिसरे १९२९ पासून २०१५ पर्यंत. त्यानंतर मान चौथ्याकडे गेला. प्रत्येक झाडाचा स्वभाव आणि वय निराळे. दुसरे, भोवतीचे शहर वाढले आणि दगड-विटांची ऊब झाडाला मिळू लागली. तिसरे असे की एकविसाव्या शतकात या झाडाच्या तारखा पुन्हा काहीशा उशिरा येऊ लागल्या. थंड प्रदेशातील झाडाला कळी उघडण्यापूर्वी पुरेशी थंडी सोसावी लागते, आणि मग ऊब. थंडीच अपुरी पडली तर कळी रेंगाळूही शकते. म्हणून एका झाडाची साक्ष मोलाची खरी, पण निकाल देण्यास इतर साक्षीदार हवेत.

ते आहेतही. इंग्लंडात नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपण्यास आरंभ केला, आणि त्याच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालविले. जपानात क्योतोच्या दरबारी लोकांच्या व भिक्षूंच्या रोजनिशांतून चेरीच्या बहराच्या तारखा थेट इसवी सन ८१२ पर्यंत मागे जातात. लिहिणाऱ्यांना शास्त्राची पर्वा नव्हती, फुलांखालच्या मेजवानीची होती. यासुयुकी आओनो या अभ्यासकाने त्या तारखा जुन्या चांद्र पंचांगातून आजच्या कालगणनेत आणून मांडल्या, तेव्हा दिसले की २०२१ मधील २६ मार्चचा बहर तोवरच्या बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा होता.

आता आपल्याकडे वळू. हवामानाच्या नोंदींचे आपल्याला वावडे नाही. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची, आणि हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले त्याची आठवण आजही एका चौकाच्या नावात आहे. ऋतूंवर प्रेम करण्यातही आपण मागे नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ पासून मराठी घरांत आहे. उणीव आहे ती या दोहोंच्या मधल्या वहीची. ‘पाडव्याला कडुनिंब मोहरतो’ हे आपण म्हणतो, पण अधिकमासामुळे पाडवाच मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मागेपुढे होतो. हलत्या खुंटीला दोरी बांधून अंतर मोजता येत नाही.

जिनीव्हाच्या चिटणिसाजवळ कोणतेही यंत्र नव्हते. एक ठरलेले झाड, एक ठरलेला नियम आणि न हलणारी तारीख, एवढ्यावर त्याचे काम भागले. आपल्या बागेतही एखादा बहावा किंवा पांगारा आहे. पहिले फूल कोणत्या तारखेस उमलले, एवढी एक ओळ दरसाल लिहावी आणि वही पुढच्याच्या हाती द्यावी. दहा वर्षांनी ती करमणूक ठरेल, शंभर वर्षांनी साधन ठरेल. पण न लिहिलेला वसंत कोणत्याही संशोधकाला परत आणता येणार नाही.