हृदयाचें चित्र आणि आयुष्याचा अदमास

हृदयाच्या स्नायूचा विकार बळावला म्हणजे त्याचा डावा कप्पा जुन्या पखालीसारखा सैलावतो व फुगतो; रक्त पुढें लोटण्याचें त्याचें बळ ओसरतें. अशा रोग्याचे आप्त डॉक्टरांना दाराबाहेर गांठून एकच प्रश्न विचारतात, "आतां पुढें काय?" पूर्वीं याचें उत्तर नाडी, धाप आणि पायांवरची सूज पाहून द्यावें लागे.

१८९५ सालीं राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षीं बोस्टनचे डॉ. फ्रान्सिस विल्यम्स धडधडतें हृदय पडद्यावर न्याहाळूं लागले. १९१९ मध्यें डॅन्झर यांनीं एक सोपें माप सुचविलें: हृदयाच्या छायेनें छातीच्या निम्म्याहून अधिक रुंदी व्यापली, तर तें वाढलें आहे असें समजावें. पण छाया ती छायाच! तिजवरून आकार कळे, जोर कळत नसे.

जोर कळण्याची वाट जहाजांच्या कारखान्यांतून निघाली, ही मोठी मौज आहे. स्वीडनमध्यें लुंड येथें इंगे एड्लर हे हृद्रोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक होते. पोलादाच्या सांध्यांतील भेगा ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून हुडकणारें यंत्र माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यांत वापरीत असत. तें हर्ट्झ यांनीं उसनें घेऊन छातीवर लावून पाहिलें. २९ ऑक्टोबर १९५३ रोजीं हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद झाली. ती नुसती नागमोडी रेघ होती. कोणती रेघ हृदयाच्या कोणत्या भागाची, हें ठरविण्यासाठीं एड्लर यांना मरणोन्मुख रोग्यांच्या छातीवर खुणा करून मृत्यूनंतर त्या खुणांखालीं काय आहे तें पाहावें लागलें. आज घरोघरीं सहज उच्चारला जाणारा 'एको' या कष्टांतून जन्मला आहे.

पुढें या चित्रांवरून हिशेब निघूं लागला. भरलेल्या डाव्या कप्प्यांतील रक्ताचा शेंकडा किती भाग एका ठोक्यासरशीं बाहेर पडतो, तो आंकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. तो ३५ किंवा त्याहून कमी असेल, तर अकस्मात् मृत्यु टाळण्यासाठीं छातींत विजेचा धक्का देणारें यंत्र बसविण्याचा विचार करावा, असा दंडक पडला. माणसाचें दैव एका आंकड्यावर तोलणें सोयीचें खरें. पुरेसें मात्र नाहीं. १९१६ मध्यें नव्हे, अगदीं अलीकडे २०१६ मध्यें डेन्मार्कमधील १,११६ रोग्यांवरील प्रयोगांत हें दिसून आलें. त्यांना हृद्धमनीच्या अडथळ्यावांचून हृदयदौर्बल्य जडलें होतें. यंत्रानें अकस्मात् मृत्यु निम्म्यावर आले, तरी एकंदर मृत्युसंख्येंत निर्णायक फरक पडला नाहीं.

मग यंत्र कोणाला द्यावें? यासाठीं चुंबकीय चित्रणाकडे दृष्टि वळते. शिरेंतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य सोडलें, तर निरोगी स्नायूंतून तें लवकर निघून जातें. स्नायु मरून जेथें व्रणाचे तंतु माजले आहेत, तेथें रेंगाळतें व चित्रांत पांढरें उमटतें. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयांतील संशोधकांनीं फुगलेल्या हृदयाच्या ४७२ रोग्यांचा सुमारें पांच वर्षें मागोवा घेऊन २०१३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. १४२ जणांच्या हृदयभिंतीच्या मध्यभागीं असा व्रण होता; त्यांपैकीं ३८ दगावले. व्रण नसलेल्या ३३० जणांत ३५ मृत्यु झाले. इजेक्शन फ्रॅक्शन हिशेबांत धरूनही हा फरक उरला. तथापि त्या ३५ जणांच्या चित्रांत पांढरी रेघ नव्हती, हेंही डॉक्टरांनीं आप्तांशीं बोलतांना ध्यानांत ठेवावें लागतें.