रस्त्यावरचे छायाचित्र : मुंबईच्या मापाने

रस्त्यावर काढलेले प्रत्येक छायाचित्र ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ ठरत नाही. सार्वजनिक जागा, अनोळखी माणूस आणि त्याला सावध न करता, काहीही न मांडता टिपलेला क्षण, या तिच्या रूढ अटी. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकापासून ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग जगभर रुळला आणि या अटींना नियमाचे वजन आले. मुंबईची जुनी छायाचित्रे या नियमाने मोजू लागलो, तर बरेच काही निसटते, असे माझे मत आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. त्या काळी काचेवर ओला लेप चढवून, तो वाळण्याआधीच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे. चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्यात चालता माणूस पुसट होई किंवा नाहीसाच होई. म्हणून गजबजलेल्या शहराचे रस्ते त्या चित्रांत ओसाड दिसतात. विल्यम जॉन्सन यांनी यावर तोड काढली : माणसांची छायाचित्रे वेगळी घ्यायची आणि त्यांच्यामागे मुंबईतल्या जागांची चित्रे जोडायची. शहरातल्या लोकांवरचे त्यांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनहून निघाले. माणसे खरी, जागाही खरी. त्यांची भेट मात्र कागदावरची. आणि चित्राखाली नाव जातीचे वा जमातीचे.

पुढे कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली, वेग वाढला. सावेदादांनी डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चलच्चित्रण केले. रँग्लर बातमीचा विषय होते; पण भोवतालची गर्दी कोणी मांडून ठेवलेली नव्हती.

होमाई व्यारावाला यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या मैत्रिणींना समोर उभे करून छायाचित्रे काढली. रूढ नियमाने ती बाद. तरीही त्या काळी तरुण मुली शहरात कशा वावरत होत्या, याचा तो पुरावाच आहे. रघुवीर सिंह यांचे मुंबईवरचे रंगीत पुस्तक (१९९४) आणि केतकी शेठ यांचे ‘बॉम्बे मिक्स’ (२००७) नियमात सहज बसतात. सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची वर्षानुवर्षे काढलेली छायाचित्रे मात्र काठावर राहतात, कारण कामगार त्यांना ओळखत होते. गटारातून वर येणाऱ्या माणसाला चोरून टिपले तर ते चित्र शुद्ध आणि त्याच्याशी ओळख करून घेतली तर ते अशुद्ध, हा न्याय मला पटत नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. छायाचित्रकाराने न मांडलेले असे काही रस्त्याने त्या चित्रात आणले आहे का, एवढेच मी पाहतो.

हा प्रश्न केवळ व्याख्येचा नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत एकेक गिरणी बंद पडली, जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. लालबाग-परळच्या घराघरांत गणेशोत्सव मंडळांचे फोटो आहेत : कार्यकर्ते ओळीने उभे, नजर कॅमेऱ्याकडे. ‘पोझ दिलेले’ म्हणून अभ्यासक ते बाजूला ठेवतात. पण अशा फोटोंच्या मागच्या बाजूला पाहावे. तिथे गिरणीचे फाटक असते, खानावळीची पाटी असते, भिंतीवरची निवडणुकीची घोषणा असते, चाळीच्या गॅलरीतून वाकलेली पोरे असतात. फोटो काढणाऱ्याचे त्यांच्याकडे लक्षही नसेल.

पुनर्विकासासाठी खोल्या रिकाम्या होतात तेव्हा हे अल्बम सर्वांत आधी रद्दीत जातात. ते मागून घ्यावेत, मागे साल, गल्ली आणि माणसांची नावे लिहून ठेवावीत. नावे सांगू शकणारी पिढी आता सत्तरीपलीकडे गेली आहे.