डॉक्टर व्हायला निघालेल्या रमाबाई

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एकजण म्हणाली, "ताई, मला नर्स व्हायचं होतं. घरात आजारपण निघालं आणि राहूनच गेलं." तेव्हापासून पंडिता रमाबाई माझ्या डोक्यात आहेत. त्यांचंही असंच एक राहून गेलं होतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांची बोलणी खाल्ली. त्या आईनंच पुढे लेकीला शिकवलं. मग दुष्काळ आला. आई, वडील, थोरली बहीण पाठोपाठ गेले. उरलेल्या भावाबरोबर रमाबाई पायी हिंडत कोलकात्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये पटकीनं नवरा नेला. पदरात मनोरमा, वर्षाचीही नव्हती.

त्या पुण्याला आल्या. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत, तशाच मरतात, म्हणून बायकांना डॉक्टर करा, असं त्यांचं म्हणणं. नुसतं सांगून थांबल्या नाहीत. स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं, 'स्त्रीधर्मनीति' हे आपलं पुस्तक विकून पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंड गाठलं.

आणि तिथे कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टरीचं शिक्षण सोडून द्यावं लागलं. घर नाही, नवरा नाही, परका मुलूख आणि ज्यासाठी आलो तेच बंद! परत फिरल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्या चेल्टनमच्या महिला कॉलेजात राहिल्या, शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या.

१८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. तो समारंभ बघायला रमाबाई मुद्दाम अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे शेजारणीचं कर्ज आधी मंजूर झालं तर चार दिवस बोलणं बंद होतं, म्हणून मला हे फार मोठं वाटतं. अमेरिकेत त्या लहान मुलांना शिकवायची पद्धत शिकल्या, गावोगाव भाषणं केली. कमी ऐकू येणाऱ्या बाईनं बोलून पैसा उभा केला! विधवांच्या शाळेसाठी तिथल्या लोकांनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं.

१८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' निघालं. सुरुवातीच्या मुलींत एक बालविधवा गोदूबाई होत्या, त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन पुण्याला हलल्यावर, १८९३ मध्ये, तिथे मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून गदारोळ झाला. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्याच. पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माबद्दल कुणाचं काहीही मत असो, भरलेली शाळा अशी रिकामी होताना बघणं सोपं नसतं.

तीनच वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला. उपासमार त्यांनी स्वतः भोगलेली. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. तिथे शेती, विणकाम आणि छापखान्याचं कामसुद्धा बायका करत.

पुणे-दौंड रेल्वेनं जाताना केडगाव लागतं. 'मुक्ती' आजही तिथे आहे. यंदा गटाची सहल तिकडे काढायचं ठरतंय. नर्स व्हायचं राहिलेल्या आमच्या बाईंना मी खिडकीजवळची जागा देणार आहे.