पाय स्कींवर, मग गिअर कोण बदलणार? स्वीडिश सैन्याच्या स्वयंचलित मोटारसायकलीची गोष्ट

बर्फावरून मोटारसायकल नेणाऱ्या स्वीडिश सैनिकाचे दोन्ही पाय गाडीच्या बाजूंना लावलेल्या आखूड स्कींवर असत. तोल त्या पायांनीच सांभाळायचा. अशा वेळी गिअर बदलायला पाय उचलणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. त्यातच स्वार बहुधा सक्तीच्या लष्करी सेवेत आलेला, जेमतेम विशीतला तरुण. क्लच आणि गिअर यांचा मेळ अंगवळणी पडेपर्यंत त्याला शिकवत बसायला वेळ कुठला?

१९७० च्या दशकात स्वीडिश सैन्य नव्या मोटारसायकलीच्या शोधात होते, तेव्हा गिअर आपोआप बदलणारे यंत्र हवे ही मागणी पुढे आली, ती या पार्श्वभूमीवर. शीतयुद्धाचा तो काळ. देश तटस्थ, पण शस्त्रसज्ज. त्याचा मोठा भाग जंगल, दलदल आणि हिवाळ्यात बर्फ.

या मागणीला दोन अगदी भिन्न उत्तरे मिळाली. ह्येग्लुंड या कंपनीने एक्सएम-७२ नावाचा नमुना तयार केला. त्यात रोटॅक्सचे ३४५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन होते आणि गिअरच्या जागी रुंद पट्टा. वेगानुसार पुलींचा व्यास कमी-जास्त होई. हॉलंडच्या डाफ मोटारीने १९५८ मध्ये लोकप्रिय केलेले हेच तत्त्व. गाडीची चाके एकाच बाजूने धरलेली होती. आजही ते छायाचित्र पाहताना हे यंत्र वीस वर्षे पुढचे वाटते.

काम मात्र मिळाले हुस्क्वार्नाला. १६८९ मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेली आणि १९०३ पासून मोटारसायकली बनवणारी ही जुनी संस्था. तिने पट्टा टाळला आणि दातेरी चाकेच ठेवली. फक्त निर्णय हातापायांकडून काढून घेऊन केंद्रोत्सारी क्लचकडे सोपवला. १९८० च्या सुमारास सैन्यात दाखल झालेली एमसी-२५८ ही २५० सीसीची, चार गिअरांची टू-स्ट्रोक गाडी याच रचनेची. तत्पूर्वी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ३६० आणि पुढे ३९०, ४२० अशा नागरी स्वयंचलित गाड्याही शर्यतीच्या मैदानात उतरल्या होत्या.

केंद्रोत्सारी क्लच मराठी वाचकाला परका नाही. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने आणलेली ५० सीसीची लुना आठवावी. इंजिन फिरू लागले की क्लचमधील वजनदार शू बाहेर फेकले जाऊ पाहतात, स्प्रिंग त्यांना आत ओढून धरते. वेग पुरेसा वाढला की शू ड्रमला भिडतात आणि चाक फिरू लागते. लुनाला असा एक टप्पा पुरे होता. हुस्क्वार्नाने असे टप्पे एकामागोमाग रचले. वेग वाढला की वरच्या गिअरचा क्लच पकडतो. खालचा गिअर एकाच दिशेने पकड घेणाऱ्या फ्रीव्हीलवर मोकळा फिरत राहतो.

या रचनेची एक किंमत होती: उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन गाडीला रोखत नसे, सारी भिस्त ब्रेकवर. नव्या स्वाराला ते भयावह वाटे. पण स्वीडनला हे नवीन नव्हते. साबच्या टू-स्ट्रोक मोटारींतही फ्रीव्हील असे. टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. उतारावर पेट्रोल बंद आणि इंजिन मात्र चाकांमुळे वेगात फिरते आहे, अशा स्थितीत वंगण तुटून पिस्टन जाम होण्याचा धोका असतो. इंजिन मोकळे सोडल्याने तो टळे.

खरी कहाणी सुरू होते ती दुरुस्तीच्या टेबलावर. स्वाराकडून काढून घेतलेला निर्णय मेकॅनिकच्या हाती आला होता. सैन्यासाठी हळुवार सुटणारी गाडी योग्य. शर्यतीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला मात्र खालच्या फेऱ्यांत दमच नसतो. क्लच लवकर पकडला तर इंजिन गुदमरते. म्हणून स्वार पकड उशिरा आणू पाहत. त्याचे मार्ग दोन: स्प्रिंग कडक करणे किंवा शू घासून, भोके पाडून हलके करणे.

दोन्हींचा परिणाम सारखाच वाटतो, आणि फसगत होते ती इथेच. बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला २५०० फेऱ्यांवर पकडणारा क्लच ३००० वर न्यायचा तर स्प्रिंगचा ताण १.४४ पट हवा. असे केल्यास ६००० फेऱ्यांवरची पकड सुमारे ९ टक्क्यांनी घटते. तोच बदल शू हलके करून साधला तर ती सुमारे ३७ टक्क्यांनी घटते! मग चढावर क्लच घसरतो, ड्रम तापून निळा पडतो, आणि उष्णतेने स्प्रिंगही मऊ पडते. मऊ स्प्रिंग पुन्हा लवकर पकडू देते. म्हणजे जे टाळायचे होते तेच परत येते. शिवाय घासलेला शू पुन्हा जड करता येत नाही, स्प्रिंग मात्र बदलता येते. शू घासण्याची हौस म्हणूनच बहुतेकदा महागात पडते.

अनेक टप्प्यांच्या गाडीत एकच क्लच सुधारूनही भागत नाही. दुसऱ्याची स्प्रिंग कडक केली की पहिला गिअर लांबतो आणि तिसऱ्याचा क्षण अंगावर येतो. वरच्या गिअरच्या क्लचमधील एखादी स्प्रिंग थकली तर गाडी जागेवरून जड सुटते. अननुभवी मेकॅनिक मग कार्बोरेटर उघडून बसतो. स्प्रिंगा म्हणूनच संचानेच बदलायच्या, शूंची वजने सारखी राखायची, काचेसारखे गुळगुळीत झालेले पृष्ठभाग पॉलिश पेपरने हलके खरवडायचे. फ्रीव्हीलची पकड झिजली असेल तर मात्र स्प्रिंगांशी खेळून उपयोग नाही.

पुढे हाताचा क्लच आणि पायाचा गिअर यांनीच मैदान मारले. २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या रेक्लूसने मधला मार्ग काढला: गिअर पायानेच बदलायचे, क्लच तेवढा आपोआप. तिथेही पकडीचा क्षण ठरतो तो वजन आणि स्प्रिंग यांच्याच हिशेबाने.

सैन्यातून निवृत्त झालेल्या २५८ आज हौशी संग्राहकांकडे आहेत. अशी गाडी जुळवून झाल्यावर पहिली चाचणी मागचे चाक अधांतरी ठेवूनच करावी. इंजिन मंद चालू असताना तेलाच्या चिकटपणाने चाक सावकाश फिरले तर चिंता नाही. ब्रेक हलका दाबूनही ते थांबत नसेल, किंवा थांबताना इंजिनच बंद पडत असेल, तर एखादा क्लच अजून सुटलेला नाही. गाडी तशीच जमिनीवर टेकवली तर ती स्वाराची वाट न पाहता निघेल.