नाव कोरलेल्या पान्याची कुळकथा

जुन्या गॅरेजमधल्या पान्यांच्या ढिगात कधी कधी एखादा पाना वेगळाच निघतो. त्याच्यावर नाव असतं ते हत्यारं बनवणाऱ्या कारखान्याचं नव्हे, तर मोटार बनवणाऱ्या कंपनीचं. असे पाने हौसेने जमवणारे लोक जगभर आहेत. पण मोटार विकणाऱ्याने पान्यावर आपलं नाव घालावंच कशाला, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या रस्त्यांवर सापडतं.

1908 साली फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात आली. 1927 पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. त्या खेडोपाडी गेल्या, शेतकऱ्यांनी घेतल्या, आणि तिथे मिस्त्री कुठला? गाडी अडली की मालकानेच हात काळे करायचे. म्हणून पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, स्पार्क प्लगचा पाना आणि जॅक गाडीबरोबरच मिळत. ही हत्यारं बाहेरच्या घडाई कारखान्यांकडून करून घेतली जात, पण त्यांवर नाव फोर्डचं असे. इंग्लंडमध्ये ‘किंग डिक’सारखे हत्यारवाले अनेक मोटार आणि मोटारसायकल कंपन्यांना पाने पुरवत.

आपल्याकडे ही प्रथा गाड्यांच्या मागोमाग आली. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात जीप आली. ती विलीज कंपनीच्या आराखड्यावर फोर्डनेही बनवली आणि आपला माल ओळखू यावा म्हणून बोल्टांच्या डोक्यांवरही ‘एफ’ हे अक्षर उठवलं. तिची हत्यारं कॅनव्हासच्या गुंडाळीत बांधून मागच्या चाकांवरच्या पेट्यांत ठेवलेली असत. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली.

जुन्या मिस्त्रींच्या पेटीत पान्यांची तीन घराणी नांदत. ब्रिटिश घराण्यात व्हिटवर्थ मापाचे पाने. त्यांच्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, नटाची रुंदी नाही. दुसरं अमेरिकन घराणं: जीपचे पाने नटाच्या रुंदीवर, इंचांत. हे माप आपल्या गॅरेजमध्ये सुतांत बोललं जातं. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून 9/16 चा पाना ‘साडेचार सुती’. तिसरं फियाटचं, मिलिमीटरचं. 1958 पासून देशात मेट्रिक मापं लागू होत गेली आणि ‘दहा-अकरा’, ‘बारा-तेरा’ ही मागणी रुळली. कोणत्या गाडीला कोणतं माप, हे कुठल्या वहीत नव्हतं. ते पान्यावर लिहिलेलं होतं.

पान्यांच्या या गोष्टीत नाशिकची गंमत अशी, की इथे पाना आधी आला आणि मोटार नंतर. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं आणि पुढे नाशिकची सातपूर औद्योगिक वसाहत भरत गेली. टपारिया कंपनीने 1969 मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारं बनवायला सुरुवात केली आणि सातपूर हे तिचं घर झालं. स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा करायचा जो पाना आज घरोघरी असतो, त्याचं आजचं रूप स्वीडनच्याच योहान पेटर योहानसनने 1890 च्या दशकारंभी सिद्ध केलं होतं. महिंद्राचा नाशिकचा कारखाना टपारियानंतरचा, 1980 च्या दशकातला.

नाव कोरलेला पाना हाती आला, तर आधी अक्षरांवरून बोट फिरवावं. अक्षरं वर उठलेली असतील, तर ती घडाईच्या साच्यातच उलटी कोरलेली होती. म्हणजे कंपनीने स्वतंत्र साचा करण्याइतकी मोठी मागणी दिली होती. अक्षरं आत दबलेली असतील, तर नाव बहुधा घडाईनंतर ठशाने मारलेलं. तोंड दांड्याशी पंधरा अंशांत तिरपं आहे का, तेही पाहावं. त्यामुळे पाना पालथा घातला की अरुंद जागेतही प्रत्येक वेळी तीस अंश फिरवून नट सुटतो. गंज काढायला पाना रॉकेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने घासला तरी पुरतं. ग्राइंडरला लावला तर चकाकी येईल, पण नाव जाईल, आणि नावाबरोबर त्याचा इतिहासही.

सर्व्हिस स्टेशनं वाढली तशी गाडीतली पानापेटी आकसली. आता जॅक आणि चाकाचा पाना मिळाला तरी पुष्कळ. गाडी दुरुस्त करणं हा मालकाचा हक्क आणि जबाबदारी होती, याचा लोखंडी पुरावा म्हणजे हे पाने. ते आजही भंगारात किलोवर जातात. नाशिकमध्ये हत्यारं घडवणारे आहेत, ती आयुष्यभर चालवलेले मिस्त्री आहेत आणि मोटारी बनवणारे हातही आहेत. प्रत्येक पान्याला कोणत्या गाडीचा, कोणत्या मापाचा, कुणाच्या पेटीतला अशी चिठ्ठी बांधून अशा पान्यांचा संग्रह उभा करायला नाशिकहून योग्य गाव महाराष्ट्रात दुसरं नाही. मिस्त्रींची ती पिढी सांगायला आहे, तोवरच हे काम हाती घ्यायला हवं.