शाल वाचता येते का?

तालीम म्हटलं की मला लाल मातीचा हौदा आठवतो, नाहीतर नाटकाची रिहर्सल. त्यामुळे पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात काश्मिरी शालवाल्याने कागदाची एक पट्टी पुढे करून ‘ये तालीम है’ म्हटलं, तेव्हा मी गोंधळले. पट्टीवर बारीक, वळणदार खुणांच्या ओळी होत्या. मला ती उर्दू वाटली. तो हसला. म्हणाला, उर्दू येणाऱ्यालाही ही वाचता येत नाही, फक्त विणकराला येते.

त्या पट्टीवर शालीचा एक तुकडा लिहिलेला होता.

कानी शालीची नक्षी नंतर भरत नाहीत, ती कापडाबरोबरच विणली जाते. प्रत्येक रंगाचा धागा एका छोट्या लाकडी काडीवर गुंडाळलेला असतो. ती काडी म्हणजे कानी. कुठल्या रंगाची कानी किती उभ्या धाग्यांमधून न्यायची, हे ओळीओळीला बदलतं. एवढं कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून तालीम. एक खूण आकड्याची, एक रंगाची. दोन लाल, तीन हिरवे, एक पिवळा. ओळ संपली की पुढची. अशी एक शाल पुरी व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागतात.

१८२२-२३मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी काश्मीरमध्ये होता. त्याने या कामाची बारकाईने नोंद केली आहे. आधी नक्काश चित्र काढायचा. मग तरहगुरू ते समोर ठेवून, खालून वर जात, एकेक रंग आणि त्याचे धागे मोठ्याने सांगायचा. तालीमगुरू ते खुणांच्या लिपीत उतरवून घ्यायचा आणि त्याची नक्कल विणकरांना मिळायची. नक्षी, तऱ्हा, तालीम. हे सगळे शब्द आपल्याही घरातले, फारसी-अरबीतून आलेले.

विणकराला मूळ चित्राची गरजच नसायची. शालीची सुलट बाजूही मागावर जमिनीकडे असायची, तो उलट बाजूने विणायचा. म्हणजे चित्राचे झालेले शब्द, आणि त्या शब्दांचं न बघता पुन्हा झालेलं चित्र! कोडिंग हा शब्द आपण रोज वापरतो. मला हे त्याचंच जुनं रूप वाटतं.

फ्रान्समध्ये १८०४च्या सुमारास जाकार्डने हेच काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवलं. तिथे खुणा यंत्र वाचू लागलं. पुढे स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात काश्मिरी शालींच्या नकला निघाल्या, आणि आपल्या कोयरीला जग ‘पेझ्ली’ म्हणू लागलं.

काश्मीरमध्ये मात्र वाचणारा माणूसच राहिला. त्याचं काय झालं, ते आणखी एका ओळखीच्या शब्दात आहे : डाग. शालीवर शिक्का मारून कर वसूल करणारं खातं म्हणजे दागशाल. तो दाग आणि आपला डाग एकच. अफगाण अमलात सुरू झालेला हा कर शीख आणि डोगरा राजवटींतही चालू राहिला. कमाईचा मोठा हिस्सा त्यात जायचा. शिवाय विणकर कर्जापायी कारखानदाराला बांधलेला, त्याला मालक बदलायची मुभा नव्हती. कित्येक जण पंजाबात, अमृतसर-लुधियानाकडे पळून गेले.

२९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या झालदगरमध्ये विणकर या जाचाविरुद्ध जमले. सैन्य त्यांच्यावर चालून गेलं. पळापळीत अनेक जण पाण्यात पडून बुडाले. मृतांचा आकडा निदान २८ सांगतात. पाचच वर्षांनी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं आणि शालींची सर्वांत मोठी बाजारपेठ कोसळली. त्यानंतर १८७७-७९चा दुष्काळ आला.

तालीम टिकली ती गालिच्यांच्या मागांवर. कानी शालही विसाव्या शतकात कानीहामा गावात पुन्हा उभी राहिली. आता नक्षी संगणकावर काढून तालीम छापूनही घेतात.

सत्कारात शाल-श्रीफळ देताना आपण नारळ सोलणाऱ्याचा विचार करत नाही, विणणाऱ्याचाही नाही. त्या दिवशी मी शालवाल्याला म्हटलं, एक ओळ वाचून दाखवा ना. त्याने पट्टीवर बोट ठेवलं आणि किंचित सुरात वाचू लागला. आकडे काश्मिरी होते, मला एकही कळला नाही. मध्येच तो थांबला, मागे गेला आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. एक धागा चुकला होता म्हणे.