छातीवरचे भूत

मध्यरात्री जाग येते. खुंटीवरचा सदरा दिसतो, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. पण हात हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि छातीवर कोणीतरी बसले आहे असे वाटते. वाचकहो, तुमच्यापैकी काहींना हा अनुभव आला असेल आणि तो तुम्ही कोणाला सांगितलाही नसेल. सांगणार कसा? लोक एक तर हसतात, नाही तर अंगारे-धुपारे सुचवतात!

हे भूत आपल्याच गावचे आहे असे मात्र समजू नका. १६६४ साली हॉलंडमधील वैद्य इसब्रांड व्हान डीमरब्रुक यांनी पन्नास वर्षांच्या एका बाईची हकीकत नोंदवली. रात्री कधी सैतान, कधी मोठा कुत्रा, तर कधी चोर आपल्या उरावर बसतो, असे ती सांगे. वैद्यबुवांनी तिला वेडी ठरवले नाही की मांत्रिकाकडे धाडले नाही. आजार मानून उपचार केले. कारणाचा उलगडा व्हायला मात्र जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील अॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवले की, झोपेत ठराविक वेळी डोळे मिटल्या पापण्यांआड भराभर फिरतात. त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. पुढे फ्रान्समध्ये लियाँ येथे मिशेल झुवे यांनी मांजरांवर प्रयोग केले. १९५९ च्या सुमारास त्यांना आढळले की, या झोपेत मेंदू जागा असल्यासारखा चालतो, पण मानेचे स्नायू पार सैल पडतात. मेंदूच्या देठातील एक लहानसा भाग निकामी केला, तेव्हा तीच मांजरे झोपेतच उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालू लागली!

म्हणजे स्वप्नात आपण खरोखर धावत सुटू नये, म्हणून निसर्ग रोज रात्री हातापायांना कुलूप घालतो. कधी जाणीव आधी जागी होते आणि कुलूप मागाहून उघडते. श्वास चालू असतो, पण मनाजोगा खोल घेता येत नाही. उरलेले स्वप्न त्या दडपणाला चेहरा देते.

काहींना तर आपण देहाबाहेर तरंगतो असे भासते. २००२ मध्ये जिनिव्हात ओलाफ ब्लांके यांनी एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या उजव्या भागात एका जागी सौम्य वीजप्रवाह सोडला, तेव्हा तिने आपलेच शरीर वरून पाहिल्याचे सांगितले. ‘मी या देहात आहे’ ही आपली पक्की खात्रीसुद्धा मेंदूच घडवीत असतो, तो असा.

हा प्रकार बहुधा क्षणा-दोन क्षणांत, फार तर काही मिनिटांत ओसरतो. जागरण झाले की तो अधिक होतो. तेव्हा घरात कोणी असे काही सांगू लागले, तर हसू नका. त्या डच वैद्यासारखे आधी ऐकून घ्या, आणि वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.